पाने कोणी उचलावयाची?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. विषय मात्र मीच मागून घेतला, आणि तो ऐकताच सचिवांच्या कपाळावर पडलेल्या आठ्या मी पाहिल्या आहेत. संगणकाच्या प्रोग्राममधील एक भाग दुसऱ्या भागाला कामासाठी बोलावतो, तेव्हा कोणती रीत पाळावयाची, आणि सॉफ्टवेअर रचणारे ती रीत कशावरून ठरवितात, हा तो विषय. मी केंद्र सरकारच्या लेखा विभागातील अधिकारी, शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. या भानगडीत मी कसा पडलो ते ओघात सांगेन. परंतु समोर बसलेल्यांपैकी निदान निम्म्या घरांतील मुलेमुली या व्यवसायात आहेत, आणि ‘आमचा सॉफ्टवेअरमध्ये आहे’ यापलीकडे तो काय करतो हे आपल्याला सांगता येत नाही, ही खंत माझ्याप्रमाणेच आपणांसही असेल असे मी धरून चालतो.

प्रथम शब्दाचा खुलासा. मंडळात ‘फंक्शन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हळदीकुंकू नाही तर कोजागिरी येते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे फंक्शन निराळे. एखादे काम वारंवार लागते, उदाहरणार्थ रकमेवर व्याज काढणे. ते प्रत्येक ठिकाणी पुन्हा न लिहिता एकदाच लिहून त्याला नाव द्यावयाचे आणि लागेल तेथून त्याला पाचारण करावयाचे. पाचारण करताना त्याच्या हाती काही सामग्री द्यावी लागते: मुद्दल, दर, मुदत. काम झाल्यावर ते उत्तर देते आणि जेथून बोलावले होते तेथे परत जाते. एवढ्याशा व्यवहारात चार प्रश्न दडलेले आहेत. सामग्री कोठे ठेवावयाची? कोणत्या क्रमाने? परतीचा पत्ता कोणी लक्षात ठेवावयाचा? आणि काम आटोपल्यावर मागची आवराआवर कोणी करावयाची? या चारांच्या उत्तरांची जी जुळणी, तिला त्या व्यवसायात ‘कॉलिंग कन्व्हेन्शन’ म्हणतात. मी तिला पाचारणाची रीत म्हणेन.

आवराआवरीचा प्रश्न आपणांस परका नाही. आमच्या वाईच्या घरी पाहुण्याने आपले पान उचलू लागणे म्हणजे यजमानाचा अपमान समजत. उष्टी काढणे हे घरच्यांचे काम. माझे लग्न झाले तेव्हा सासरच्या मंडळींत नेमका उलटा शिरस्ता निघाला: ज्याने त्याने आपले पान उचलावे. पहिल्या दिवाळसणाला मी जेवून स्वस्थ उठून गेलो, आणि ते पान बराच वेळ तसेच पडून होते. दोन्ही रीती चांगल्याच आहेत. घोटाळा होतो तो यजमान एका रीतीचा आणि पाहुणा दुसऱ्या रीतीचा असला म्हणजे.

आता थोडा इतिहास. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्राम चालविला. तेथील तरुण संशोधक डेव्हिड व्हीलर यांच्यापुढे परतीच्या पत्त्याचा प्रश्न उभा राहिला, कारण त्या यंत्रात ‘जा आणि परत ये’ अशी आज्ञाच नव्हती. नुसते ‘जा’ होते. त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. बोलावणारा भाग उडी मारण्यापूर्वी आपली स्वतःचीच आज्ञा हाती उचलून घेतो. आलेला भाग त्या आज्ञेतील पत्त्यात एक ठराविक आकडा मिळवून परतीची आज्ञा घडवितो आणि ती स्वतःच्या शेवटच्या ओळीवर लिहून टाकतो. दाराशी येताच पाहुण्याने परतीचे तिकीट काढून ठेवावे, तसे. मात्र त्यात एक उणीव राहिली. काम पुरे होण्याआधीच त्याच फंक्शनला पुन्हा कोणी बोलावले, तर नवा परतीचा पत्ता जुन्यावर लिहिला जाई आणि पहिल्याची वाट कायमची पुसली जाई.

या उणिवेवर उपाय सापडला तो चळतीचा. आपण ताटांची चळत रचतो. शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलतो. मेमरीतही तशीच चळत रचावयाची, जिला स्टॅक म्हणतात. प्रत्येक पाचारणाची सामग्री आणि परतीचा पत्ता तिच्यावर ठेवावयाचा. काम झाले की वरचा थर काढावयाचा. मग एक फंक्शन स्वतःलाच दहादा बोलावो, प्रत्येक खेपेचा पत्ता आपल्या जागी शाबूत राहतो. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६० मध्ये या पद्धतीचे व्यवस्थित विवेचन केले.

सर्वांनी ती लगेच उचलली असे मात्र नाही. ७ एप्रिल १९६४ रोजी आय. बी. एम. ने सिस्टिम/३६० हे यंत्रांचे घराणे जाहीर केले. प्रोसेसरच्या पोटात झटपट हाताशी येणारे थोडे खण असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. (आपल्या कार्यालयातील आवक-जावक रजिस्टराशी त्यांचे नाते नाही.) या घराण्यात असे सोळा खण होते, पण चळत सांभाळण्याची सोय यंत्रात नव्हती. म्हणून त्यांनी रीत घातली: परतीचा पत्ता चौदाव्या खणात, ज्याला बोलावले त्याचा पत्ता पंधराव्यात, सामग्रीची यादी कोठे आहे ते पहिल्यात, आणि तेराव्यात एका ७२ बाइटांच्या जागेचा पत्ता. ही जागा बोलावणाऱ्याने द्यावयाची. आलेल्याने बोलावणाऱ्याच्या खणांतील चीजवस्तू तेथे नीट ठेवून मगच कामाला लागावयाचे आणि जाताना सारे पूर्ववत् करावयाचे. मोठ्या बँकांच्या मेनफ्रेम यंत्रांवर ही रीत आजही चालू आहे.

आता आपण पंगतीकडे येऊ. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत ‘सी’ ही भाषा घडविली. तिच्यात छपाईचे एक प्रसिद्ध फंक्शन आहे. त्याला कधी एक वस्तू छापावयास द्यावी, कधी सात. किती दिल्या हे ते पहिल्या वस्तूत लिहिलेल्या साच्यावरून ओळखते. मग अशा पाहुण्याला ‘निघताना अमुक पाने उचल’ असे आधी शिकवून ठेवणार कसे? पाने किती मांडली हे खात्रीने ठाऊक असते ते मांडणाऱ्याला. म्हणून सीची रीत अशी की पाने यजमानानेच उचलावी. सामग्री चळतीवर ठेवतानाही ती शेवटून सुरुवातीकडे ठेवावयाची, म्हणजे पहिली वस्तू सर्वांत वर, ठराविक जागी राहते; मागे कितीही असोत, पाहुण्याला पहिली अचूक सापडते. एका फंक्शनाच्या सोयीसाठी ही सगळी रीत पडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही.

याउलट निक्लाउस विर्ट यांच्या पास्कल या भाषेत, प्रोग्राम लिहिणारा जी फंक्शने रचतो त्यांना किती सामग्री मिळणार हे आधीच बांधलेले असते. तेव्हा पाहुण्यानेच आपले पान उचलून जावे हे शक्य होते, आणि त्यात काटकसरही होती. ही काटकसर कशी ते पाहण्यासारखे आहे. १९७८ साली निघालेल्या इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरात ‘परत जा, आणि जाता जाता चळतीवरून इतके बाइट काढ’ अशी एकच जोड आज्ञा होती. साधी परतीची आज्ञा एका बाइटाची, ही जोड आज्ञा तीन बाइटांची. म्हणजे फंक्शनामागे दोन बाइट जास्त, तेही एकदाच. यजमानाने आवरावयाचे म्हटले, तर जेथून जेथून बोलावणे जाते त्या प्रत्येक ठिकाणी बहुधा तीन बाइटांची आवरण्याची आज्ञा घालावी लागे. एका फंक्शनाला दोनशे ठिकाणांहून बोलावले, तर सहाशे बाइटांच्या जागी दोन बाइटांत भागते. आज मुलांच्या खिशातल्या फोनला सहाशे बाइट म्हणजे समुद्रातला थेंब. पण १९८५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती काढली, ती २५६ किलोबाइट मेमरीच्या यंत्रावर चालावयाची होती. त्यांनी पास्कलची रीत पत्करली. पुढे १९९३ मध्ये विंडोज एन. टी. आले तेव्हा त्यांनी तडजोड केली: सामग्री ठेवण्याचा क्रम सीचा, पण पाने उचलावयाची ती पाहुण्यानेच. या रीतीला ‘स्टँडर्ड कॉल’ म्हणू लागले. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला या निर्णयांत काही गूढ वाटत नाही. खर्च कोणत्या खात्यात, किती वेळा पडतो, एवढेच पाहावयाचे.

आता माझ्यावर आलेला प्रसंग.

सन २००० चा जून महिना. वर्ष बदलताना संगणक कोसळतील या भयातून आमचे कार्यालय सुखरूप पार पडले होते आणि आम्ही थोडे फुशारलोही होतो. भविष्य निर्वाह निधीचे हिशेब एका खाजगी पुरवठादाराने करून दिलेल्या प्रोग्रामवर चालत. त्याचे दर्शनी अंग व्हिज्युअल बेसिकमध्ये आणि व्याज काढणारे फंक्शन सीमध्ये, निराळ्या फाइलीत. निधीवरील व्याज कित्येक वर्षे १२ टक्के होते. इतकी वर्षे, की तो आकडा त्या फंक्शनात चक्क कोरून ठेवलेला होता. १ एप्रिल २००० पासून दर ११ टक्के झाला, आणि पुरवठादाराकडून नवी फाइल मागवावी लागली. ती आली. चाचणी घेतल्याचा दाखला माझ्या सहीने गेला. चाचणी म्हणजे मी प्रोग्राम उघडून पाहिला होता. तो उघडला, एवढेच. अंतिम प्रदानाचे एकही प्रकरण मी चालवून पाहिले नव्हते. १९९८ मध्ये निवृत्तीचे वय ५८ वरून ६० झाल्यामुळे मधली दोन वर्षे अशी प्रकरणे फारच थोडी आली होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला देत असे. ते कारण खरे होते, पण दाखल्यावरची सही माझीच होती.

महिनाअखेरीस आमच्या कार्यालयातील एक दफ्तरी निवृत्त होणार होते. छत्तीस वर्षांची नोकरी. फायलींना टाके घालून हाताची बोटे वाकडी झालेली. निधीची रक्कम हाती पडताच गावाकडच्या घरावर छप्पर घालावयाचे, पावसाने जोर धरण्यापूर्वी, असा त्यांचा बेत होता. त्यांचे प्रकरण यंत्रावर घातले आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली: चूक क्रमांक ४९, बॅड डी. एल. एल. कॉलिंग कन्व्हेन्शन. आम्हां कोणालाच अर्थ लागेना. पुरवठादाराला दूरध्वनी केला; माणूस पाठवितो म्हणाले. मी दफ्तरींना म्हटले, “काका, उद्या या.” दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. टोपी सारखी केली आणि नमस्कार करून निघून गेले. मला त्या नमस्काराची आजही लाज वाटते.

त्या संध्याकाळी आमच्या वृद्ध अधीक्षकांनी कपाटातून जुनी खातेवही काढली. महिन्यामहिन्याची शिल्लक मांडून, मार्चपर्यंत १२ आणि पुढे ११ टक्क्यांनी, त्यांनी रात्री नऊपर्यंत बसून हाताने व्याज काढले. मी शेजारी बसून बेरजा तपासल्या. चौथ्या दिवशी प्रदानाचा आदेश निघाला.

पुरवठादाराकडील मुलगा आला तो पाचव्या दिवशी, बाविशीचा असेल. त्याने फाइल उघडली, हसला, आणि फंक्शनाच्या नावाआधी एक शब्द लिहिला. एकच शब्द. पूर्वीच्या माणसाने तो लिहिला होता. नव्या माणसाने फाइल पुन्हा बांधताना तो गळाला होता. तो नसला की सीचा कंपायलर आपली मूळची रीत धरतो: पाने यजमानाने उचलावी. व्हिज्युअल बेसिकची समजूत स्टँडर्ड कॉलची: पाहुणा उचलून जाईल. फंक्शनाने व्याज बरोबर काढले होते, सामग्रीही योग्य क्रमाने मिळाली होती. पण पान कोणीच उचलले नाही. व्हिज्युअल बेसिकने परत आल्यावर चळतीची उंची पाहिली, ती जुळेना, आणि हाक मारली. त्या मुलाने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला घाम फुटला: “साहेब, यंत्राने ओरडून सांगितले हे आपले नशीब. काही प्रोग्राम उंची पाहतच नाहीत. ते तसेच पुढे जातात.” मी त्याला बसवून घेतले, चहा मागविला आणि विचारले, मुळात दोन रीती ठेवल्याच कशाला? आतापर्यंत आपणांस जे सांगितले त्यातील बराच भाग प्रथम त्या मुलाने रद्दी कागदावर आकृत्या काढून मला समजाविला. उरलेले मी नंतर वाचत गेलो.

(प्रोग्राम दुरुस्त झाल्यावर दफ्तरींचे प्रकरण आम्ही पुन्हा चालविले. अधीक्षकांचा आकडा आणि यंत्राचा आकडा रुपयाला रुपया जुळला. अधीक्षकांनी त्यावर काही शेरा मारला नाही.)

चळत मेमरीत असते, आणि मेमरी प्रोसेसरापेक्षा मंद. तेव्हा सामग्री चळतीवर ठेवण्याऐवजी खणांतच द्यावी, हा विचार ओघाने आला. पण इंटेलच्या जुन्या घराण्यात खण आठच, आणि त्यांतले दोन चळतीच्याच हिशेबात गुंतलेले. ए. एम. डी. ने ६४ बिटांचे नवे रूप आखले, त्यात खण सोळा झाले. त्या जातीचे ऑप्टेरॉन प्रोसेसर एप्रिल २००३ मध्ये बाजारात आले. नवे घर, मागची बंधने थोडी. रीत पुन्हा नव्याने ठरविण्याची अशी संधी क्वचितच मिळते. तरीही दोन रीती झाल्या! लिनक्स आणि युनिक्सच्या मंडळींनी सहा वस्तू खणांतून देण्याचे ठरविले. मायक्रोसॉफ्टने चारच, आणि त्या चारांसाठी चळतीवर ३२ बाइटांची मोकळी जागाही बोलावणाऱ्याने राखावयाची. ही जागा वाया गेल्यासारखी दिसते. परंतु अनिश्चित सामग्री घेणाऱ्या फंक्शनाला चारही वस्तू तेथे उतरवून पुढच्यांशी सलग ओळ लावता येते. नियम एकसारखा राहतो. लिनक्सवाल्यांनी वेगळ्या मार्गाने विचार केला. निरनिराळ्या मांडण्या घेऊन खरेखुरे प्रोग्राम कंपायलरातून काढावयाचे, तयार मालाचा आकार मोजावयाचा, आणि आकडे पाहून पसंती करावयाची. त्यांची पद्धत मला अधिक पटते. पण मी लेखा विभागाचा माणूस आहे, हे ध्यानात घेऊन आपण मत बनवावे.

यात आणखी एक वाटणी असते, आणि बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्यांना ती लगेच कळेल. आपण नव्या ठिकाणी कार्यभार घेतो तेव्हा टेबलाचे काही खण रिकामे करून दिलेले असतात, ते खुशाल वापरावे. काही खणांत आधीच्याचे कागद असतात, ते वापरायचे तर बाहेर काढून जपून ठेवावे आणि जाताना जसेच्या तसे लावून द्यावे. फंक्शनांतही तसेच. सगळेच खण पाहुण्याला मोकळे केले, तर यजमानाला दर पाचारणापूर्वी आपले सर्व सामान हलवावे लागते. सगळेच जपावयास सांगितले, तर दोन ओळींचे काम करणाऱ्या पाहुण्याला सामान लावण्यातच दिवस घालवावा लागतो. म्हणून मधली रेघ कोठेतरी ओढावी लागते. चळतीच्या टोकावर नजर ठेवणारा खण सोडला, तर लिनक्सच्या रीतीत जपावयाचे खण सहा, विंडोजच्या रीतीत आठ. दोघांचेही उत्तम चालले आहे.

एकदा पडलेली रीत बदलणे अवघड का, हे डेबियन या लिनक्सच्या एका संचाच्या उदाहरणावरून दिसेल. फोनमध्ये असतात त्या एआर्एम जातीच्या प्रोसेसरांवर अपूर्णांकाची सामग्री पूर्वी साध्या खणांतून देत, कारण अपूर्णांकांचे वेगळे खण सर्वच प्रोसेसरांत नसत. पुढे ते आले, आणि सामग्री त्यांतूनच देणे सोयीचे ठरले. परंतु जुने पाहुणे साध्या खणांत पाहणार, नवे यजमान दुसऱ्या खणांत ठेवणार! दोन्ही एका पंक्तीला बसविता येईनात. अखेर सगळे प्रोग्राम नव्या रीतीने पुन्हा बांधून मे २०१३ च्या आवृत्तीत स्वतंत्र संच काढावा लागला. जुना संच शेजारी चालूच राहिला.

गूगलच्या गो या भाषेची गोष्ट याहून सुखाची. तिच्यात सर्व सामग्री चळतीवरून देत. रीत साधी, पण संथ. ऑगस्ट २०२१ मध्ये निघालेल्या १.१७ या आवृत्तीपासून त्यांनी ती खणांतून देण्यास आरंभ केला, आणि प्रोग्राम सुमारे ५ टक्के वेगाने धावू लागले. एवढा बदल बिनबोभाट झाला तो एकाच कारणाने: आपली अंतर्गत रीत कायम राहील असे वचन त्यांनी बाहेर कोणालाही दिलेले नव्हते. जी थोडी फंक्शने हाताने, यंत्राच्या भाषेत लिहिलेली होती, त्यांच्यासाठी जुनी रीत राखून ठेवली आणि दोहोंमध्ये एक दुभाषा बसविला.

आपल्या देशातही हे काम आता दूरचे राहिलेले नाही. मद्रासच्या आय. आय. टी. ने ‘शक्ती’ नावाचे प्रोसेसर रचले आहेत. ते रिस्क-फाइव्ह या, २०१० मध्ये बर्कली येथे सुरू झालेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या आज्ञावलीवर आधारलेले आहेत. तिच्या रीतीत सामग्रीसाठी आठ खण आहेत, आणि बारा खण पाहुण्याने जपावयाचे. ज्यांची मुले या कामात असतील त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर त्यांना विचारावे की बारा का, दहा का नाहीत. माझ्या मुलीला मी विचारले होते. तिने प्रथम “बाबा, तुम्हांला कशाला हवे?” असे विचारले, आणि मग रात्री साडेअकरापर्यंत मला समजावीत बसली.

मला दिलेली वेळ संपली आहे. बाहेर पाने मांडली आहेत आणि वरण-भाताचा वास येथवर पोहोचला आहे. जेवणानंतर पाने कोणी उचलावयाची, याविषयी कार्यकारिणीत यंदाही एकमत झालेले नाही असे कळते. सचिव त्याबाबत आता सूचना देतील.